गाडी कोण चालवत होतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका मामांनी भाच्याबद्दल विचारलं आहे. भाचा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. मागच्या पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, शेतावर जेवण झालं, पोरं प्यायली, आणि भाच्यानं बापाची मोटरसायकल काढली. गाडीवर तिघं होते. गावाबाहेरच्या पुलाजवळ उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळली. मागे बसलेला जिवलग मित्र जागीच गेला, तिसऱ्याचा हात मोडला, भाच्याच्या मांडीत रॉड टाकावा लागला. मित्राचं घर यांच्या घरापासून चार घरं सोडून. या गोष्टीला आठ महिने झाले. पोरगा रात्री झोपत नाही, परीक्षा दिली नाही, लहान भावावर हात टाकतो, आणि एकदा विहिरीच्या काठावर एकटाच बसलेला सापडला. घरच्यांनी पोलिसांना सांगितलं की गाडी तो गेलेला मित्रच चालवत होता. तिसऱ्या पोराच्या घरच्यांनाही गप्प राहायला सांगितलं आहे. मामांचे प्रश्न तीन: पोराला पुण्याला मावशीकडे पाठवावं का, मित्राच्या आईची माफी मागायला न्यावं का, आणि याचं पुढे काय होणार?

भाऊ, तिन्ही प्रश्नांना मी येते. पण तुम्ही एका ओळीत उरकलेली विहीर मला आधी घ्यावी लागेल.

मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून वीस वर्षं काम केलं. अपघात विभागापासून मानसोपचारापर्यंत सगळीकडे माझी खुर्ची फिरली. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं बाल न्याय मंडळावर सदस्य होते. तुमच्या भाच्यासारखी पोरं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत, खाटेवर आणि मंडळासमोर. म्हणून सांगते, विहिरीच्या काठावर बसणं हे ‘जरा मन मोकळं करायला गेला असेल’ असं समजून सोडायचं नाही.

आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘तुले जीव द्यावासा वाटते का?’ हाच शब्द वापरा. विचारल्यानं डोक्यात नवा विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं या एका गोष्टीनं पोरं ढसाढसा रडून मोकळी झालेली मी पाहिली आहेत. तो ‘हो’ म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. कधी वाटतं, कसं करायचं ठरवलं होतं, हे ऐकून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या. रात्री-अपरात्री घाबरलात तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

दुसरं काम घरात करायचं. फवारणीची औषधं. आपल्याकडे कपाशीचं घर म्हणजे औषधाचे डबे माळ्यावर, पलंगाखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात. पेरणी तोंडावर आली की नवे डबे येतील. एकही डबा घरात ठेवू नका. शेतातल्या कोठीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली तुमच्या जावयांकडेही, म्हणजे पोराच्या बापाकडेही नको, तुमच्याच खिशात असू द्या. मरणाचा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो, जोर ओसरायला कधी काही मिनिटं, कधी काही तास लागतात. त्या वेळात हाताशी विष नसेल तर पोरगं वाचतं. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या स्वस्तात जीव वाचवणारा दुसरा उपाय मला सापडला नाही. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून त्याच्या हातात देऊ नका, हेही त्यातच आलं. आणि कुणी घाबरवलं की ‘असं काही बोलला तर पोलीस केस होते’, तर ऐकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरलं आहे. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढं लांब लिहिते आहे, ती.

गाडी मित्रच चालवत होता, असं तुम्ही सांगितलं. हा सल्ला कुणी दिला ते मी विचारत नाही. अपघातानंतर दवाखान्याच्या आवारातच असा कुणीतरी जाणता माणूस भेटतो आणि म्हणतो, ‘जो गेला तो काही परत येत नाही, जो आहे त्याला वाचवा.’ त्या रात्री तुमच्या बहिणीला आणि जावयांना दुसरं सुचलंच नसेल, हे मी समजू शकते. पण त्या वाक्यानं पोरगं वाचत नाही. आठ महिने तुम्ही तेच पाहता आहात.

त्याच्या बाजूनं विचार करा. हाताखाली हँडल होतं हे त्याच्या अंगाला माहीत आहे. मित्र मागून काय म्हणाला ते त्याच्या कानात आहे. घरात मात्र सगळे, माय, बाप, आजी, असं वागतात जणू ती गोष्ट घडलीच नाही. तो कुणापाशी रडणार? रडला तर घराचं गुपित फुटतं. मित्राचं नाव घेतलं तर बाप उठून बाहेर जातो. आणि रोज सकाळी चार घरांपलीकडे ती बाई अंगणात सडा टाकताना दिसते, जिच्या पोरावर यानं केलेलं ढकललं आहे. एक अपघाताचं ओझं आणि त्यावर दुसरं, मेलेल्या दोस्ताला चोर ठरवल्याचं. पहिलं ओझं घेऊन माणूस जगायला शिकतो. दुसरं त्याला विहिरीपाशी नेतं. माझ्याकडे आलेला असाच एक मुलगा तीन भेटी गप्प बसला होता. चौथ्या भेटीला म्हणाला, ‘मॅडम, त्याच्या मायनं मले एकडाव चपलीनं मारलं असतं तं बरं झालं असतं. ते नुसती पाहते अन् दार लावते.’

म्हणून पहिली पायरी कोर्टाची नाही, घरातली आहे. तुम्ही मामा आहात. आपल्याकडे बापापाशी न बोललेलं पोरगं मामापाशी बोलतं. त्याला शेतात न्या, बांधावर बसवा आणि एवढंच म्हणा, ‘गाडी तू चालवत होतास, मले माहीत आहे. मी तुले सोडून जात नाही.’ दोन्ही वाक्यं एकत्र. पहिलं नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही, आणि दुसरं नसेल तर पहिल्याचा नुसता आरोप होतो. ‘जाऊ दे, नशिबात होतं’ म्हणू नका, कारण त्याला माहीत आहे की नशिबानं चावी फिरवली नव्हती. ‘तुझ्यामुळं घराची अब्रू गेली’ हेही नको.

कायद्याचं आता. जावयांच्या भीतीचं मूळ इथं आहे असा माझा अंदाज आहे, आणि तो भाग नीट समजून घेतला तर भीती अर्धी होते.

मुलगा अठराच्या आत होता, म्हणजे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर चालतं. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. पोराला बेड्या घालत नाहीत, नाव-फोटो छापणं गुन्हा आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशाच गुन्ह्यात सोळा वर्षांपुढच्या मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं की नाही हा प्रश्न येतो. निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याच्या कलमाला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या १०६ ला, जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत. म्हणजे तुमचा भाचा मोठ्यांच्या कोर्टात जायचा नाही. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन लावू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवू शकतं, आणि अगदी टोकाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. त्या निकालाचा डाग नोकरीला किंवा शिक्षणाला लागत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम २४ तेच सांगतं.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध आला. तेव्हापासून खेड्यातल्या पोरांनाही ‘जा, निबंध लिही’ असं टोचून बोलतात. तुमच्या भाच्यालाही बोलले असतील. मंडळावर बसलेली आहे म्हणून सांगते, मनापासून केलेल्या कामानं जे होतं ते निबंधानं होत नाही. आमच्यासमोरच्या एका मुलाला आम्ही सहा महिने आठवड्यातून एक दिवस अपघात विभागात स्ट्रेचर ओढायला ठेवलं होतं. पहिल्या महिन्यात तो दोनदा पळून गेला. नंतर सुट्टीच्या दिवशीही यायला लागला.

बापाचं मात्र वेगळं आहे, ते लपवत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. चावी मुलानं नकळत घेतली, आपण काळजी घेतली होती, हे पालकानं सिद्ध केलं तर सुटका आहे. जावयांना स्वतःच्या अटकेची भीती वाटत असेल आणि त्यापोटी हे खोटं उभं राहिलं असेल, तर ते त्यांनी निदान स्वतःशी मान्य करावं. पोराला वाचवण्यासाठी म्हणून सांगितलेली गोष्ट खरं तर बापाला वाचवण्यासाठी आहे, हे सतरा वर्षांच्या पोराला कळतं. तो लहान भावावर हात टाकतो त्यात हाही राग असू शकतो.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. गाडी मित्र चालवत होता असं कागदावर राहिलं, तर त्याच्या आईबापांचा मोटार अपघात दाव्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. स्वतःच्या चुकीनं मेलेल्या चालकाच्या वारसांना त्या चुकीसाठी दुसऱ्याकडून भरपाई मागता येत नाही. त्यांचा मुलगा मागे बसलेला होता असं कागदावर आलं तर मात्र त्यांचा दावा उभा राहतो. गाडीचा विमा पूर्ण असेल तर चालकाला लायसन नसतानाही न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसणाऱ्यासाठी कंपनी बहुधा हात वर करते आणि बोजा थेट मालकावर येतो. दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे आणि ती उलटून गेली आहे, त्यामुळे आता काय करता येईल हे त्यांच्या वकिलानंच पाहावं लागेल, आणि एकेक दिवस मोलाचा आहे. म्हणजे एकुलतं पोर गेलं त्या घराचे पैसेही तुमच्या जबाबानं अडले आहेत. हे वाचून तुमच्या घरात भांडण होईल, होऊ द्या. खरं सांगायला एक तुकडा शेत जाईल कदाचित. मला ते हलकं वाटत नाही, तीन एकरात घर चालवणारी माणसं मी रोज पाहते.

जबाब बदलायचा तर तोही एकट्यानं ठाण्यात जाऊन नाही. आधी वकील. लहान मुलांना आणि बायांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती बसते, १५१०० वर फोन केला तरी सांगतात. वकिलापासून काही लपवू नका. तिसऱ्या पोराला गप्प बसवणं तर आजच थांबवा. मोडका हात घेऊन तोही तेच ओझं वाहतो आहे, आणि त्याला उद्या साक्षीला बोलावलं तर तुम्ही दोन पोरांचं वाटोळं केलेलं असेल.

आता त्याची तब्येत. मांडीतल्या रॉडकडे सगळ्यांचं लक्ष असतं, डोक्याकडे कुणाचं नसतं. अपघातात तो बेशुद्ध झाला होता का? उलट्या झाल्या होत्या का? सीटी स्कॅन झाला असेल तर ती फिल्म शोधून काढा. कपाळामागच्या मेंदूला मार बसला की माणूस पटकन चिडतो, वाचलेलं विसरतो, लवकर थकतो, मोठ्या आवाजानं बिथरतो. घरचे म्हणतात पोरगं बिघडलं. ते बिघडणं नसतं, मेंदूची जखम असते, आणि ती डॉक्टरांना दाखवावी लागते. दुसरं, डोळे मिटले की पूल दिसणं, मोटरसायकलच्या आवाजानं दचकणं, त्या रस्त्यानं जायचं टाळणं, हे आघातानंतरचं दुखणं आहे. त्याला ठरवून, टप्प्याटप्प्यानं बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर डॉक्टर गोळ्याही देतात. ते चार-सहा महिने चालतात. एका भेटीत काही होत नाही आणि बाबाच्या अंगाऱ्यानंही होत नाही. अंगारा लावायचा तर लावा, मी अडवत नाही, फक्त ओपीडीची तारीख चुकवू नका.

एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही: पोरांना दारू कुणी दिली? आपल्या राज्यात बिअरला एकवीस आणि दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. सतराव्या वर्षी शेतावर ती आली, म्हणजे मोठ्यांच्या बाटलीतून आली. करीला बाप, काका, शेजारी बसतात आणि ‘आज सण आहे’ म्हणून पोराच्याही ग्लासात ओततात, हे मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. मग कुणीतरी म्हणतं, लिंबू चाटव, दही दे, तोंड धू, उतरते. उतरत नाही. यकृत आपल्या गतीनंच दारू जाळतं, त्याला तास लागतात. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि दोन ग्लासांत सडपातळ पोरगं ती सहज ओलांडतं. म्हणून जावई आजही घरात पीत असतील तर ते बंद झालं पाहिजे, पोराच्या डोळ्यांसमोर तरी. आणि भाचा स्वतः लपून पितो का ते पाहा. झोपेसाठी दारू धरलेली पोरं माझ्याकडे फार आली.

माफीचं. न्या, पण आत्ता नाही. घरात खोटं उभं असताना नेलंत तर तो त्या माउलीसमोर उभा राहून काय बोलणार? आधी खरं बाहेर येऊ द्या, वकिलाला विचारा, आणि मग दोन्ही घरांना चालेल असा एखादा वडीलधारा माणूस आधी एकटा त्या घरी जाऊ द्या. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर नको. ‘ये’ म्हटलं तर पोरानं जावं, तुम्ही मागे उभं राहावं, आणि बोलायचं ते त्यानं बोलावं: गाडी मी चालवत होतो, मी प्यायलेलो होतो. ‘माफ करा’ हा आग्रह धरू नये. माफ करायचं की नाही हे त्या बाईचं आहे, आणि कधीच केलं नाही तरी तो तिचा हक्क आहे. पायावर डोकं ठेवायला लावून पंचांसमोर मिटवामिटवी करायची पद्धत मला अजिबात पटत नाही. त्यात गाव मोकळं होतं, ते घर होत नाही.

अनेक वर्षांपूर्वीचा एक मुलगा. असाच, मित्र गेलेला. मित्राच्या बापाच्या शेतात माणूस कमी पडायला लागला, तेव्हा हा न विचारता डवरणीला जाऊन उभा राहिला. बापानं हाकललं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला, तेव्हा बाप काही बोलला नाही. कापूस वेचायच्या दिवसांत एकदा दुपारी त्या बापानं तांब्या पुढे केला आणि म्हणाला, ‘पानी पे.’ दोन वर्षांत तेवढेच दोन शब्द. तो मुलगा आज ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो, दारूला शिवत नाही, आणि त्या म्हाताऱ्याची पेरणी अजून तोच करून देतो. सगळ्यांचं असं होत नाही, पण ज्यांचं बरं झालं त्यांच्या हातात असं काहीतरी काम होतं एवढं मी पाहिलं आहे.

पुण्याला पाठवू नका, निदान यंदा. खरं सांगितलं की प्रकरण सुरू होईल, मंडळासमोर हजर राहावं लागेल, उपचार सुरू व्हायचे आहेत. अनोळखी शहरात, मावशीच्या एका खोलीत, दिवसभर मोबाईल घेऊन एकटा पडलेला मुलगा मला जास्त धोक्यात दिसतो. हवापालट हवाच असेल तर तुमच्या गावी महिनाभर न्या. बारावी सुटली म्हणून सगळं संपलं नाही. नियमित कॉलेज जमलं नाही तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं का, ते कॉलेजात विचारा. आयटीआयचाही विचार करा, फक्त मांडीच्या रॉडवर हाडाच्या डॉक्टरांचं मत घेऊन.

आणि पोळा परत येईल, तीन-चार महिन्यांत. तो आठवडा वाईट जाणार आहे, दोन्ही घरांना. आधीपासून ठरवा. खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारीच तुम्ही स्वतः जाऊन त्याला तुमच्या गावी आणा, करीचा दिवस उलटेपर्यंत ठेवा, आणि तुमच्या वाड्यात त्या तीन दिवसांत बाटली येऊ देऊ नका. त्याला एकट्याला खोलीत झोपवू नका. मित्राचं नाव निघालं तर विषय बदलू नका. संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावायचं काम त्याच्याकडे द्या, आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ हेही त्यालाच म्हणू द्या.